टपालाच्या तिकिटांवरील फुले

राज्यकर्ते प्रजेशी अनेक मार्गांनी बोलत असतात. कायदा हा त्यांतील एक मार्ग, नाणे हा दुसरा, राजरस्त्यावर उभारलेला पुतळा हा तिसरा. या सर्वांहून आकाराने लहान, किमतीने क्षुल्लक आणि तरीही घरोघर पोहोचणारे असे जर काही असेल, तर ते टपालाचे तिकीट होय. दोन बोटांच्या पेरांवर मावेल एवढा हा कागद. पण त्यावर काय छापावे आणि काय छापू नये, याचा निर्णय प्रत्येक देशात वरिष्ठ पातळीवर, पुष्कळ विचारान्ती घेतला जातो. म्हणूनच तिकिटांचा संग्रह हा एका अर्थी सरकारी निवेदनांचा संग्रह असतो. त्यातही ज्याने केवळ फुलांची तिकिटे जमविली, त्याच्याकडे लोक थोड्या कौतुकाने आणि बऱ्याचशा दुर्लक्षाने पाहतात. राजे, लढाया आणि शोध यांची तिकिटे म्हणजे इतिहास, आणि फुलांची तिकिटे म्हणजे नुसती शोभा, अशी एक समजूत आहे. ती कितपत खरी आहे, हे पाहण्याचा येथे विचार आहे.

जगातील पहिले चिकट तिकीट इंग्लंडात १८४० सालच्या मे महिन्यात विक्रीस आले. रोलंड हिल यांनी १८३७ साली टपालसुधारणेची जी योजना मांडली, तिचे ते फळ. पत्राचा खर्च ते स्वीकारणाऱ्याने न देता पाठविणाऱ्याने आगाऊ द्यावा, आणि अंतर कितीही असले तरी अर्ध्या औंसाच्या पत्रास एकच पेनी पडावी, ही त्या योजनेतील मुख्य कल्पना. त्या काळ्या तिकिटावर व्हिक्टोरिया राणीची मुद्रा होती. देशाचे नाव मात्र नव्हते. राणीचा चेहरा हेच देशाचे नाव. ब्रिटिश तिकिटांवर आजही देशाचे नाव छापीत नाहीत. राजमुद्रा तेवढी असते. तात्पर्य, तिकिटाचा जन्म झाला तो सिंहासनाच्या छायेत. तेथे फुलाला प्रवेश मिळावयाचा, तर तोही सिंहासनाच्या द्वारानेच मिळणे प्राप्त होते.

झालेही तसेच. उत्तर अमेरिकेच्या पूर्व टोकाला न्यूफाउंडलंड नावाचे एक थंड, खडकाळ बेट आहे. ती तेव्हा स्वतंत्र ब्रिटिश वसाहत होती. तिची पहिली तिकिटे १८५७ साली निघाली. त्यांवर गुलाब आहे, काटेरी थिसल आहे आणि तीन पानांचे शॅमरॉक आहे. पाहणाऱ्यास वाटावे की बेटावरील वनश्रीचे हे चित्रण असेल. प्रत्यक्षात गुलाब इंग्लंडचा, थिसल स्कॉटलंडचे आणि शॅमरॉक आयर्लंडचे. ढालीवर आणि राजवस्त्रांवर शतकानुशतके मिरविलेली ही चिन्हे होती. ज्या बेटावर ती तिकिटे विकली जात होती, तेथल्या दलदलीत, कातळांच्या फटींत काय उगवत होते, याचा त्या चित्रांत मागमूसही नाही. फुले तिकिटावर आली खरी, पण ती राजाच्या चाकरीत राहून आली.

जगाच्या दुसऱ्या टोकाला जपानातही हाच प्रकार, निराळ्या वेषात, दिसून येतो. माएजिमा हिसोका यांच्या प्रयत्नांनी तेथे आधुनिक टपाल १८७१ साली सुरू झाले. पुढच्याच वर्षी जी तिकिटे निघाली, त्यांना चेरीच्या मोहरावरून संग्राहक आजही ‘साकुरा’ तिकिटे म्हणतात. परंतु जपानी तिकिटांवर अधिकार चालला तो चेरीचा नव्हे, शेवंतीचा. सोळा पाकळ्यांची शेवंती हे तेथील राजघराण्याचे चिन्ह. सम्राटाचा चेहरा तिकिटावर छापावा आणि टपालखात्याच्या कारकुनाने त्यावर काळा शिक्का मारावा, ही गोष्ट त्या समाजाला सहन होण्यासारखी नव्हती. म्हणून चेहऱ्याच्या जागी शेवंती आली. इंग्लंडात जे काम राणीची मुद्रा करी, ते काम जपानात एक फूल करू लागले. पुढे सुमारे पाऊण शतक ते तिकिटांच्या माथ्यावर राहिले. दुसऱ्या महायुद्धातील पराभवानंतर जपानची राज्यघटना बदलली, सम्राटाचे स्थान बदलले, आणि १९४७ पासून हे राजचिन्ह तिकिटांवरून नाहीसे झाले. एका फुलाच्या येण्याजाण्यात एका राज्यपद्धतीचा इतिहास असा सामावलेला आहे.

आता संग्राहकांकडे वळू. तिकिटे जमविण्याचा छंद तिकिटाइतकाच जुना आहे. ब्रिटिश म्युझियममधील प्राणिशास्त्रज्ञ जॉन एडवर्ड ग्रे यांनी पहिली तिकिटे निघताच ती जपून ठेवण्यासाठी विकत घेतली होती. पुढे १८६२ साली त्यांनी संग्राहकांसाठी एक सूचीही प्रसिद्ध केली. जॉर्ज एर्पें या फ्रेंच गृहस्थाने १८६४ साली या छंदासाठी ‘फिलाटेली’ हा शब्द घडविला. त्याच्या मुळाशी ‘करातून सूट’ अशा अर्थाचा ग्रीक शब्द आहे. तिकीट लावलेल्या पत्राला पुढे काही द्यावे लागत नाही, हा त्यातील मथितार्थ. हिंदुस्थानातही १८९७ साली कलकत्त्यास फिलाटेलिक सोसायटी ऑफ इंडिया स्थापन झाली. या सर्व जुन्या संग्राहकांची रीत देशवार संग्रह करण्याची होती. एका देशाची सर्व तिकिटे, ती निघाली त्या क्रमाने, त्यांच्या छपाईच्या आणि जलचिन्हांच्या भेदांसह लावावयाची. अशा वहीत फूल हे फूल म्हणून कोणाच्या नजरेस पडणेच कठीण. देशांच्या सीमा ओलांडून एका विषयाची तिकिटे एकत्र करण्याची पद्धत दोन महायुद्धांच्या दरम्यान हळूहळू रुळली. अमेरिकेत १९४९ साली विषयवार संग्राहकांची स्वतंत्र संस्था निघाली, तेव्हा या पद्धतीला प्रतिष्ठाही लाभली. जपानची शेवंती आणि न्यूफाउंडलंडचा गुलाब एका पानावर शेजारी-शेजारी बसले, आणि मग त्यांच्याविषयी प्रश्न विचारता येऊ लागले.

फुलांना उशीर होण्याचे आणखी एक कारण होते, ते छपाईचे. जुनी तिकिटे पोलादी ठशावर रेषा कोरून, बहुधा एकाच रंगात छापीत. मुकुटाचे वा नाकाडोळ्यांचे काम रेषेने भागते. पाकळीचे भागत नाही. पाकळीला गडदपणाकडून फिकटपणाकडे सरकत जाणारी छटा हवी असते. ही सोय फोटोग्रॅव्ह्युअर पद्धतीने केली. या पद्धतीत स्वित्झर्लंडातील छापखान्यांनी मोठा लौकिक मिळविला. त्याच देशात ‘प्रो युव्हेन्टुट’ नावाची संस्था १९१२ साली बालकांच्या कल्याणासाठी स्थापन झालेली होती. तिच्या साहाय्यार्थ दर वर्षाच्या अखेरीस खास तिकिटे निघत. टपालाच्या मूल्यापेक्षा चार पैसे अधिक देऊन लोक ती घेत, आणि ते अधिक पैसे मुलांसाठी खर्च होत. १९४३ साली या तिकिटांवर आल्प्सच्या उतारांवरील फुले अवतरली आणि पुढे कित्येक वर्षे येत राहिली. ते साल लक्षात घेण्यासारखे आहे. स्वित्झर्लंडच्या चारही बाजूंना युद्धाचा वणवा पेटलेला होता. शेजारच्या देशांच्या तिकिटांवर सेनापती आणि रणगाडे होते. अशा वेळी एका लहानशा तटस्थ देशाने आपल्या डोंगरांतील फुले पत्रांवर लावून मुलांसाठी मदत गोळा केली. राजाच्या सेवेतून सुटलेले फूल येथे प्रथम लोकांच्या उपयोगी पडलेले दिसते.

युद्धानंतर काळ पालटला. साम्राज्ये आटली, आणि तिकिटांवरील फुलांनीही आपला जुना पोशाख उतरवून ठेवला. या पालटाची तीन उदाहरणे मोठी बोलकी आहेत. पहिले जपानचेच घ्या. १९६१ साली तेथे बारा फुलांची बारा तिकिटे निघाली, महिन्याला एक. निशिगंधासारखा वास दरवळणारा नर्गिस, मग प्लमचा मोहर, कॅमेलिया, रानचेरी, पिओनी, आयरिस अशी ती माळ ऋतुचक्राबरोबर पुढे सरकते. तीत अकराव्या महिन्याला शेवंती आहे. ही तीच शेवंती, जिच्यापुढे एके काळी प्रजा नतमस्तक होत असे. चौदा वर्षांपूर्वी ती तिकिटांवरून पायउतार झाली होती. आता ती परत आली ती नोव्हेंबरात फुलणारे एक फूल म्हणून, आणि इतर अकरा फुलांइतक्याच किमतीच्या तिकिटावर.

दुसरे उदाहरण इंग्लंडचे. एडिंबरो येथे १९६४ साली दहावी आंतरराष्ट्रीय वनस्पतिशास्त्र परिषद भरली. त्या निमित्ताने ब्रिटिश टपालखात्याने चार फुलांची तिकिटे काढली. त्यांतही गुलाब आहे. परंतु तो राजघराण्याच्या ढालीवरचा पाच पाकळ्यांचा साचेबंद गुलाब नाही. कुंपणांवर आपोआप चढणारा, ज्याला तेथील लोक ‘कुत्र्याचा गुलाब’ म्हणतात, तो हा रानगुलाब आहे. तीन वर्षांनी, १९६७ साली, आणखी सहा तिकिटे आली. त्यांपैकी चारांची चित्रे विल्यम केबल मार्टिन या वृद्ध धर्मोपदेशकाने काढलेली होती. हे गृहस्थ धर्मखात्यातील आपले काम सांभाळून सुमारे साठ वर्षे आपल्या देशातील रानफुले पाहत आणि रंगवीत आले होते. त्यांचा चित्रग्रंथ १९६५ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा ते नव्वदीच्या उंबरठ्यावर होते. त्यांनी तिकिटांसाठी निवडलेली फुले म्हणजे शेताच्या बांधावरची, रस्त्याकडेची, माळी ज्यांना तण समजून उपटून टाकतो अशी. राणीची मुद्रा तिकिटावर होतीच. पण तिच्या शेजारी आता बटरकप आणि ब्रॅम्बल यांना जागा मिळाली होती.

तिसरे उदाहरण न्यूफाउंडलंडचे, आणि ते पाहिल्यावर वर्तुळ पुरे होते. ही वसाहत १९४९ साली कॅनडात सामील झाली. कॅनडाने १९६४ ते १९६६ या वर्षांत आपल्या प्रत्येक प्रांताच्या चिन्हपुष्पाचे एक तिकीट काढले. न्यूफाउंडलंडच्या तिकिटावर जे फूल आले, ते आपल्याकडील घटपर्णीची आठवण करून देणाऱ्या एका कीटकभक्षी वनस्पतीचे. तेथील दलदलींत ते उगवते. १८५७ साली ज्या बेटाच्या तिकिटांवर परक्या तीन राज्यांची चिन्हे होती, त्याला स्वतःच्या चिखलात उगवणारे फूल तिकिटावर पाहण्यासाठी एक शतकाहून अधिक काळ वाट पाहावी लागली.

पण इतिहास सरळ रेषेत चालत नाही. फुलांचे हे राज्यही सर्वत्र निर्वेध चालले असे नाही. चीनमध्ये १९५६-५७ साली ‘शंभर फुले फुलू द्या’ अशी घोषणा राज्यकर्त्यांनीच दिली होती. विचारवंतांनी मोकळेपणाने बोलावे, असा तिचा अर्थ सांगितला गेला. आणि जे बोलले, त्यांपैकी अनेकांना पुढे त्याची शिक्षा भोगावी लागली. त्याच देशात १९६०-६१ मध्ये शेवंतीच्या अठरा जातींची अठरा तिकिटे निघाली आणि १९६४ साली पिओनीची पंधरा. चिनी चित्रकलेची परंपरा अंगी मुरलेली ही तिकिटे जगातील उत्तम पुष्पतिकिटांत गणली जातात. मग १९६६ साली सांस्कृतिक क्रांतीचे वादळ उठले. तिकिटांवर नेत्याच्या प्रतिमा आणि घोषणा आल्या. तिकिटे जमविणे हा बूर्ज्वा छंद ठरला. अनेकांनी आपल्या वह्या लपवून ठेवल्या. अनेकांच्या नष्ट झाल्या. दोन वर्षांपूर्वी सरकारने स्वतः छापलेले फूल घरात बाळगणे संशयाला कारण होऊ शकते, हा अनुभव त्या पिढीने घेतला. आज त्या पिओनींना जी किंमत येते, तिच्यामागे तिकिटांच्या दुर्मिळतेबरोबर त्या दशकाची भीतीही उभी आहे.

राजसत्तेने फुलाला वापरले, क्रांतीने त्याला हाकलले. बाजारानेही आपला हात मारून घेतला. १९६०च्या दशकात इराणी आखाताच्या परिसरातील अजमान, फुजैरा, उम्म अल-कुवैन यांसारख्या चिमुकल्या अमिरातींनी परदेशी अडत्यांशी करार केले. त्यांच्या नावाने फुले, फुलपाखरे आणि प्रसिद्ध चित्रे यांच्या तिकिटांचा पूर लोटला. वाळवंटातील त्या गावांत पत्रे लिहिणारे मोजके. तिकिटे मात्र जगभरच्या शाळकरी मुलांच्या वह्यांत जाऊन पडली. १९७१ साली संयुक्त अरब अमिरात हे संघराज्य स्थापन झाले आणि हा उद्योग मागे पडला. संग्राहकांनी त्या तिकिटांना ‘वाळूच्या टेकड्या’ असे उपहासाचे नाव दिले आहे. भूतानची गोष्ट थोडी निराळी. बर्ट टॉड या अमेरिकन मित्राच्या साहाय्याने १९६२ पासून तिकिटे काढणाऱ्या या पर्वतीय राज्याने १९७३ साली गुलाबांची सुवासिक तिकिटे काढली. त्यातही परकीय चलन मिळविण्याचा हेतू होताच. पण बाहेरच्या जगाला ज्याचे नावही ठाऊक नव्हते, अशा देशाने आपली ओळख करून देण्याचा तो एक मार्गही होता. पुष्पतिकिटांचा संग्राहक या दोहोंत भेद करावयास शिकतो. तिकिटावरचे फूल सुंदर असणे पुरेसे नसते. ते तिकीट कधी कोणाच्या पत्रावर बसले काय, आणि त्या फुलाचे त्या भूमीशी नाते काय, हेही त्याला पाहावे लागते.

या दृष्टीने आपल्या देशाकडे पाहू. आशियातील पहिले तिकीट सिंध प्रांतात १ जुलै १८५२ रोजी निघाले. तेथील आयुक्त बार्टल फ्रिअर यांनी ते काढविले. हेच फ्रिअर पुढे मुंबईचे गव्हर्नर झाले. त्या तिकिटावर ईस्ट इंडिया कंपनीचे व्यापारी चिन्ह होते. १८५४ पासून साऱ्या हिंदुस्थानासाठी राणीच्या मुद्रेची तिकिटे आली आणि पुढची अनेक दशके ती लंडनहून छापून येत राहिली. नाशिक रोड येथे इंडिया सिक्युरिटी प्रेस १९२५ साली उभा राहिला आणि तिकिटे येथेच छापली जाऊ लागली. स्वातंत्र्यानंतर पहिले तिकीट २१ नोव्हेंबर १९४७ रोजी आले. त्यावर तिरंगा होता. १९४८ सालची महात्माजींची तिकिटे स्वित्झर्लंडात छापून घ्यावी लागली. मात्र १९५२ साली कबीर, तुलसीदास, मीरा, सूरदास, गालिब आणि रवींद्रनाथ यांची तिकिटे नाशिकलाच फोटोग्रॅव्ह्युअर पद्धतीने तयार झाली. पाकळीची छटा उमटविण्याचे सामर्थ्य येथे आपल्या हाती आले. तथापि नव्या राष्ट्राला आधी आपले ध्वज, संत, वीर, धरणे आणि कारखाने सांगावयाचे होते. फुलांनी वाट पाहिली.

१९७७ साली ‘भारतीय फुले’ हा चार तिकिटांचा संच निघाला. त्यातील निवड विचार करण्यासारखी आहे. पंचवीस पैशांवर कमळ, पन्नास पैशांवर ऱ्होडोडेंड्रॉन, एक रुपयावर कदंब आणि दोन रुपयांवर कळलावी. कमळ हे आपल्या मूर्तिकलेत, मंदिरांत आणि काव्यात इतके रुजलेले की ते चिन्ह होऊन बसले आहे; जपानच्या शेवंतीप्रमाणे त्याला एकट्याला सिंहासनावर बसविणे सोपे होते. संच करणाऱ्यांनी तसे केले नाही. कमळ सर्वांत कमी किमतीच्या तिकिटावर, म्हणजे अधिकात अधिक हातांत जाईल असे ठेवले. त्याच्या सोबतीला हिमालयाच्या उतारांवर तांबडेलाल फुलणारा बुरांश घेतला. कृष्णकथेतला कदंब घेतला. आणि कळलावीही घेतली. पावसाळ्यात, गौरी-गणपतीच्या सुमारास, कोकणातील कुंपणांवर लाल-पिवळ्या ज्वाळांसारखी फुलणारी ही वेल विषारी. सुईणी जिचा उपयोग जाणत, म्हणून तिचे नाव कळ-लावी. देवळात तिला मान नाही, बागेत तिची कोणी मुद्दाम लावणी करीत नाही. तरी ती कमळाच्या संचात बसली. इंग्रजी तणांना १९६७ साली जो न्याय मिळाला, तोच येथे मिळाला.

पुढे ही वाट रुंदावली. १९८१ साली फुलझाडांचा संच आला. त्यात पळस, वायवर्णा, बहावा आणि कांचन आहेत. फाल्गुनात पेटलेला पळस आणि वैशाखात सोन्याच्या झुंबरांनी लवलेला बहावा ज्याने सह्याद्रीच्या पायथ्याशी पाहिला आहे, त्याला या तिकिटांची ओळख करून देण्याची गरज नाही. १९८२ सालच्या हिमालयीन फुलांच्या संचाने मराठी घरांतील एका समजुतीवरही प्रकाश टाकला. आपल्या गच्च्यांवर रात्री फुलणाऱ्या ज्या पांढऱ्या फुलाला आपण ब्रह्मकमळ म्हणतो, ते मध्य अमेरिकेतून आलेले एक निवडुंग आहे. तिकिटावरचे ब्रह्मकमळ निराळे. फिकट, कागदी आवरणांत दडलेले, हिमरेषेजवळच्या खडकांत वाढणारे. १९८४ साली ‘मृणालिनी’ आणि ‘सुगंधा’ हे येथेच संकर करून निपजविलेले गुलाब आले. १९९३ साली ताम्हण, सोनसावर, पांगारा आणि भेंडी यांची तिकिटे निघाली. ताम्हण हे महाराष्ट्राचे राज्यपुष्प. मे महिन्याच्या काहिलीत जांभळ्या तुऱ्यांनी भरून येणारे हे झाड अनेकांच्या दारासमोर असते, आणि त्याचे नाव मात्र अनेकांना ठाऊक नसते.

नावांची गोष्ट निघालीच आहे, तर तिकिटावरील बारीक अक्षरेही वाचली पाहिजेत. ताम्हणाच्या तिकिटावर ‘लॅगरस्ट्रोमिया स्पेसिओझा’ असे शास्त्रीय नाव आहे. वनस्पतींना दोन पदांची नावे देण्याची पद्धत स्वीडनच्या लिनीयसने १७५३ साली रूढ केली. त्याने हे कुलनाम आपल्या मित्राच्या, स्वीडिश ईस्ट इंडिया कंपनीतील लॅगरस्ट्रोम नावाच्या व्यापाऱ्याच्या गौरवार्थ योजले. हा मित्र त्याला पूर्वेकडील वनस्पतींचे नमुने मिळवून देई. म्हणजे आमच्या राज्यपुष्पाच्या नावात एक युरोपीय व्यापारी कायमचा वस्तीस आला. कांचनाचे ‘बॉहिनिया’ हे नाव बॉहिन नावाच्या दोन वनस्पतिशास्त्रज्ञ बंधूंवरून आले. त्याच्या जोडपानाला दोन भावांची उपमा दिली गेली. दसऱ्याला आपण सोने म्हणून जे पान वाटतो, तो आपटाही याच कुळातला. एकाच पानात कोणी दोन विद्वान भाऊ पाहिले, कोणी सोने पाहिले. या पाश्चात्त्य नावांमागेही आपल्याच माणसांचे ज्ञान होते, हे विसरता कामा नये. लिनीयसने आधारास घेतलेला ‘हॉर्टुस मलबारिकुस’ हा बारा खंडांचा ग्रंथ १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅमला छापला गेला. तो घडविताना डच अधिकारी व्हान ऱ्हीड याला मलबारातील इट्टी अच्युतन या वैद्याने आणि रंगभट, विनायक पंडित व आप्पुभट या तीन कोंकणी वैद्यांनी माहिती पुरविली होती. त्या वैद्यांचे नागरी लिपीतील कोंकणी प्रशस्तिपत्र त्या ग्रंथात छापलेले आहे. तिकिटावर त्यांचे नाव नाही. पण ते ठाऊक असलेल्या माणसाच्या वहीत ते असू शकते.

येथे संग्राहकाचे खरे काम सुरू होते. फुलांची तिकिटे जमविणारे पुष्कळजण गुलाबाशेजारी गुलाब आणि कमळाशेजारी कमळ असे लावतात. ते शोभून दिसते, आणि आरंभास ते ठीकही आहे. पण कधी तरी हीच तिकिटे सालवार लावून पाहावीत. १८५७चा गुलाब आणि १९६४चा गुलाब समोरासमोर ठेवावे. राजचिन्हाची शेवंती आणि १९६१ची शेवंती एका पानावर आणाव्या. शक्य तेथे कोऱ्या तिकिटाबरोबर शिक्का पडलेले तिकीटही घ्यावे. शिक्क्याचे वर्तुळ पाकळीवर उमटल्याने चित्र थोडे बिघडते, पण ते फूल कोणत्या गावाहून कोणत्या दिवशी निघाले हे त्यावरूनच कळते. शक्य तर पाकिटावरून तिकीट सोडवूच नये. आपल्या टपालखात्याने २००६ साली चंदनाचे, २००७ साली गुलाबांची आणि २००८ साली मोगऱ्या-जुईच्या कुळातली सुवासिक तिकिटे काढली. त्यांचा सुवास वर्षांमागून वर्षे टिकावयाचा नाही. पाण्यात भिजविल्यास त्याआधीच जाईल. घरी येणारी पत्रे आता विरळ झाली आहेत, आणि जी येतात त्यांवर बहुधा यंत्राचा छापील पट्टा असतो. अशा काळात हाताने चिकटविलेले, शिक्का खाल्लेले फूल हे पुढच्या पिढ्यांना आजच्या पत्रव्यवहाराचा पुरावा म्हणून उपयोगी पडणार आहे.

संग्रहाच्या इच्छेचे एक दुसरे रूपही इतिहासाने पाहिले आहे. जोसेफ हूकर हा एकोणिसाव्या शतकातील थोर वनस्पतिशास्त्रज्ञ. हिमालयातील ऱ्होडोडेंड्रॉनची ओळख युरोपला करून देण्याचे श्रेय मुख्यतः त्याचे. १८५० साली तो खासी टेकड्यांत हिंडत असता, निळ्या रंगाच्या व्हॅण्डा जातीच्या आमरी त्याला झाडांवर लगडलेल्या दिसल्या. त्याने क्यूच्या राजोद्यानासाठी सात माणसांना वाहाव्या लागतील एवढी रोपे काढून घेतली. त्यांपैकी थोडीच इंग्लंडला जिवंत पोहोचली, असे त्याने स्वतःच नमूद करून ठेवले आहे. त्याच्यामागून विलायती धनिकांच्या काचगृहांसाठी रोपे गोळा करणारे आले, आणि कित्येक अरण्ये त्या हौसेपायी ओरबाडली गेली. फुलावर प्रेम करणाऱ्यांनीच ती ओरबाडली. आपल्या टपालखात्याने १९९१ साली सहा आमरींचा संच काढला. त्यातील एक पॅफिओपेडिलम कुळातली आहे. रानातून उचललेल्या या कुळातील रोपांचा आंतरराष्ट्रीय व्यापार आज जागतिक कराराने निषिद्ध आहे.

त्या आमरीचे तिकीट मात्र कोणालाही बाळगता येते. ते लहान मुलाच्या वहीत असेल, वृद्धाच्या पेटीत असेल, शेकडो मैल दूर असलेल्या मित्राच्या पाकिटावर असेल. आणि त्या वेळी ती आमरी आपल्या अरण्यात, आपल्या ठिकाणी, सुखाने फुललेली असू शकेल. वस्तू जमविणाऱ्या माणसाच्या हातून त्या वस्तूलाच इजा पोहोचू नये, असे छंद जगात थोडे आहेत. फुलाला राजाच्या ढालीवरून स्वतःच्या मातीत परत यावयास शंभर वर्षे लागली. ती फुले त्या मातीत पुढेही राहावीत, याची जाणीव ठेवणे हे त्यांची चित्रे जमविणाऱ्याचे कर्तव्य ठरते. ताम्हणाचे तिकीट ज्याच्या वहीत आहे, त्याने येत्या वैशाखात आपल्या रस्त्यावरचे ताम्हण ओळखून दाखवावे, आणि ते तोडण्यास कोणी आला तर त्या झाडाचे नाव घेऊन त्याला अडवावे.